सगळ्या गावाचे केस एकदम गळतात तेव्हा



गेल्या पौर्णिमेला बोदवडच्या विहारात वंदना आटोपली, उपासक-उपासिका घराकडे निघाल्या, तरी एक आई मागेच थांबल्या. दोन वेळा बोलायला गेल्या आणि गप्प राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पेपरात दवाखान्याचं लिहिता, म्हून इचारते. पोराले शेगावकडची पोरगी पाह्यली. शिकलेली हाये, माणसं चांगली हायेत. पण त्या टकलाच्या साथीत तिचे समदे केस गेले व्हते. आता आले म्हनतात. पोराचे बाबा म्हनतात, सोयरीक नको. उद्या पोराले लागंल, लेकराले लागंल. आता काय करू?"

उत्तर एका वाक्याचे होते, पण नुसत्या एका वाक्याने त्यांच्या घरी कोणाचे समाधान झाले नसते. म्हणून आम्ही विहाराच्या पायरीवर बसून त्यांना सगळी हकिकत सांगितली. तीच येथे मांडतो, कारण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. बोदवड स्टेशनात गाडीत बसले की मलकापूर, नांदुरा, जलंब आणि मग शेगाव. बुलढाणा जिल्ह्याची हद्द आपल्या तालुक्याला लागूनच आहे. आपल्या लेकी तिकडे दिल्या आहेत, तिकडच्या लेकी आपल्याकडे नांदत आहेत. तिकडच्या रोगाची भीती इकडच्या सोयरिकीत शिरणारच.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत ही गोष्ट सुरू झाली. आधी डोक्याला खाज. कोणाला डोके दुखणे, कोणाला ताप, कोणाला उलटी-जुलाब. मग केसांत हात घातला की केस मुठीने हातात यायचे. तीन-चार दिवसांत डोके गुळगुळीत. पुरुष, बाया, शाळेतली पोरे, म्हातारी माणसे, कोणी सुटले नाही. पुढे १८ गावांत मिळून २७९ माणसांची नोंद झाली. वर्तमानपत्रांनी याला 'टक्कल व्हायरस' असे नाव देऊन टाकले. तपासणीचा एक कागद हाती येण्याआधी नाव तयार! आमच्या मते रोगाने जेवढे नुकसान केले, त्याच्या निम्मे तरी या नावाने केले. व्हायरस म्हटले की लागण आली. लागण आली की शेजारी बाजूला सरकतो, कॉलेजातली मुलगी घरात कोंडून घेते, ठरलेले लग्न मोडते. तेव्हा असे घडल्याची वृत्ते आलीच होती.

आता पहा, हा लागणारा रोग नव्हे हे तेव्हाच ओळखता आले असते का? पुष्कळसे आले असते. लागणारा रोग आधी एकाला होतो, मग त्याच्या अंथरुणातल्याला, मग शेजाऱ्याला. तो माणसाचा हात धरून पायरी पायरीने जातो. येथे तर एकमेकांच्या घरी पाणीसुद्धा न प्यालेल्या माणसांचे केस वेगवेगळ्या गावांत एकाच सुमारास गळले. असे झाले की शोधायचे ते या सगळ्यांच्या घरात सारखे काय शिरले. पाणी? तेल? साबण? धान्य? औषध?

सरकारी पथकांनी आधी पाण्याकडे पाहिले, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा. तिथले विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. पण खारपाण पट्ट्यात माणसे पिढ्यान् पिढ्या तेच पाणी पीत आली, त्यांचे केस त्याच डिसेंबरात का गळावेत? नायट्रेटचा धोका असतो तो मुख्यतः बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना. त्याने गावाचे टक्कल पडत नाही. मग बुरशीचा संशय आला. डोक्याच्या बुरशीत केस मुळाशी तुटतात, कोंड्यासारखी खपली धरते, आणि ती बहुधा लहान मुलांना होते. येथे तर साठीच्या आजोबांचे डोके गुळगुळीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके जानेवारी २०२५ मध्ये आली आणि रक्त, लघवी, केस, पाणी, माती असे नमुने घेऊन गेली.

याच वेळी आणखी एक माणूस स्वतःच्या खर्चाने या गावांत पोचला. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर. विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे पटापट मरत असत. प्राझोसिन नावाच्या साध्या, स्वस्त गोळीने ती वाचवता येतात हे याच डॉक्टरांनी दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून, गरिबीतून वर आलेला हा माणूस. आणि गाव कोणते, तर महाड! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी जिथे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते महाड. योगायोगच म्हणा, पण आम्हाला तो आठवल्याशिवाय राहिला नाही.

बावस्करांनी माणसांची रक्त, लघवी, केसांची तपासणी केली, आणि जोडीला लोकांच्या घरातला गहूही तपासायला पाठवला. तो रेशनचा गहू होता. त्यात सेलेनियम नावाचे द्रव्य किलोला १४.५२ मिलिग्रॅम निघाले. साधारण गव्हात ते १.९ असावे, असे त्यांनी सांगितले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम अनेक पटींनी जास्त होते, आणि जस्त कमी होते. गहू पंजाबकडून आलेला होता, असेही त्यांचे म्हणणे.

आता हे सेलेनियम म्हणजे काय? जमिनीत असणारे एक मूलद्रव्य. जमिनीतून ते पिकात येते, पिकातून पोटात. शरीराला ते लागते, पण किती? दिवसाला साधारण ५० मायक्रोग्रॅम पुरते. ४०० मायक्रोग्रॅमच्या वर रोज गेले तर ते बाधू लागते. आम्ही त्या आईंना पायरीवर खडूने हिशेब मांडून दाखवला, तो असा. किलोला साडेचौदा मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमला साडेचौदा मायक्रोग्रॅम. मोलमजुरी करणारा माणूस दिवसाला ३०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या सहज खातो. तीनशे गुणिले साडेचौदा, म्हणजे ४,३५० मायक्रोग्रॅम. बाधण्याच्या मर्यादेच्या दहा पटींहून जास्त! आणि हे एका दिवसाचे. महिनाभर तेच पोते चालू असेल तर काय होईल ते सांगायला नको.

केस ज्या प्रथिनाचे बनतात त्यात गंधक असते. सेलेनियम हे गंधकाचेच जवळचे भावंड. ते जास्त झाले की गंधकाच्या जागी घुसते, आणि केसाची वीण मुळाशीच कच्ची राहते. मग तो केस ओढला की येतो. नखही त्याच प्रथिनाचे, म्हणून नखांवरही परिणाम होतो, पण उशिरा. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. डिसेंबर-जानेवारीत नखाच्या मुळाशी झालेली इजा वर सरकत येऊन दिसायला दोन-चार महिने लागतात. आणि झालेही तसेच. एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातून नखे वाकडी होण्याच्या, ठिसूळ होऊन गळण्याच्या तक्रारी आल्या. पुन्हा घबराट झाली की नवा रोग आला. रोग जुनाच होता, नखाने तो उशिरा सांगितला एवढेच. नख ही शरीराची रोजनिशी आहे. मोठा ताप, उपासमार, विषबाधा झाली की नखावर आडवी खाच किंवा पांढरा पट्टा उमटतो. तो मुळापासून किती वर आला हे मोजून जाणता डॉक्टर इजा कधी झाली ते सांगतो.

असे जगात पहिल्यांदाच घडले असेही नव्हे. चीनमधल्या हुबेई प्रांतात एन्शी म्हणून भाग आहे. १९६१ ते १९६४ च्या दरम्यान तिथल्या काही खेड्यांत निम्म्याच्या आसपास माणसांचे केस आणि नखे गेली. पुढे शोध लागला की तिथला दगडी कोळसा सेलेनियमने भरलेला, आणि त्यातून ते जमिनीत आणि मक्यात उतरलेले. मग आधी का नाही झाले? कारण दुष्काळ पडला, भात बुडाला आणि माणसे त्या मक्यावरच जगू लागली. इकडे पंजाबातही होशियारपूर आणि नवांशहर या भागांतल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे हे कृषिशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तिथल्या गुरांचे खूर आणि शेपटीचे केस गळतात. शेतकऱ्याचा त्यात काही दोष नाही, जमीनच तशी. प्रश्न असा की, गुरांना बाधते हे माहीत असलेल्या मुलखातला गहू माणसाच्या ताटात येण्याआधी कोणी तपासायचा? आमचे म्हणणे सरळ आहे. पैसेवाला माणूस आज या दुकानातून, उद्या त्या दुकानातून, चार जातींचा गहू खातो. रेशनवर जगणाऱ्याच्या घरी महिनाभर एकच पोते. विष पोत्यात असेल तर त्याचा सगळा वाटा गरिबाच्याच पोटात जातो. म्हणून तपासणी पाहिजे ती आधी रेशनच्या गोदामात.

याचा अर्थ रेशन घेऊ नका असा कोणी काढू नये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य हा आपला हक्क आहे, तो सोडायचा नाही. हक्कात चांगले धान्यही येते, हे मात्र लक्षात ठेवावे. आणि एक गैरसमज. गहू दोन पाण्यांनी धुतला, उन्हात वाळवला की विष जाते असे काही भगिनी समजतात. बावस्करांनी धुतलेला गहूही तपासला. तो किलोला १३.६१ निघाला! सेलेनियम दाण्याच्या आत, प्रथिनातच असते. धुऊन फवारणीचे औषध आणि धूळ थोडी जाईल, हे जाणार नाही.

मग करायचे काय? आपल्या खानदेशात याचे उत्तर घरातच आहे. कळण्याची भाकरी, ज्वारीची भाकरी, बाजरी, वरून उडदाची नाहीतर तुरीची डाळ. आपल्या आज्या एका धान्यावर कधी जगल्या नाहीत. ज्वारी मागे पडली आणि सकाळ-संध्याकाळ पोळी हे मोठेपणाचे लक्षण झाले. आम्हाला पोळीचा राग नाही. पण चार धान्ये ताटात असली की एकातला दोष पातळ होतो.

आता सोयरिकीकडे येऊ. त्या मुलीचे केस विषाने गेले. गहू बंद झाला, शरीराने विष बाहेर टाकले, केसांची मुळे जिवंत होती म्हणून केस परत आले. त्या गावांत पुष्कळांच्या डोक्यावर काही आठवड्यांतच कोवळे केस दिसू लागले होते. हे नवऱ्याला लागत नाही आणि लेकराला वारशानेही जात नाही. ज्याने खाल्ले त्याचे गळले, एवढेच. उद्या तोच गहू आपल्या घरी आला असता तर आपल्या पोराचे गळले असते, आणि त्याला पोरगी द्यायची की नाही यावर शेगावात कोणी तरी विहाराच्या पायरीवर बसले असते.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सुप्रबुद्धाची कथा दिली आहे. राजगृहातला हा कुष्ठरोगी, उपाशी. दुरून लोकांची गर्दी पाहिली आणि अन्नदान चालले असेल या आशेने जवळ गेला. तिथे अन्न नव्हते, तथागतांची देशना चालली होती. तो कडेला बसला. तथागतांनी त्या सभेवर नजर फिरवली, तेव्हा हा समजून घेईल असे त्यांना वाटले ते या कुष्ठरोग्याबद्दल, आणि त्यालाच समजेल अशी देशना त्यांनी केली. आमच्या विहारात ही कथा दरवर्षी वाचली जाते. ऐकणारे माना डोलावतात, आणि घरी गेल्यावर पांढरा डाग असलेल्या मुलीचे स्थळ परत पाठवतात. हे आम्ही रागाने नाही, दुःखाने लिहितो.

पांढऱ्या डागाचा विषय निघालाच म्हणून थोडे. कोड लागत नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी मेल्या की तिथे पांढरे होते, बस्स. आणि सगळे पांढरे डाग कोडही नसतात. एखाद्या बाईच्या कपाळावर अगदी टिकलीच्या जागी, टिकलीएवढा गोल पांढरा डाग पडतो. त्याचे कारण पुष्कळदा टिकलीच्या मागचा डिंक असते. त्यातले एक रसायन रंगाच्या पेशी मारते. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पायावरही असेच होते. तिथेही प्रश्न तोच विचारायचा, की या जागेला काय चिकटत होते? टिकली वेळेवर सोडली तर डाग पुष्कळदा भरून येतो. भगताकडे गेले तर तो सात गुरुवार सांगतो, आणि टिकली तशीच राहते.

फिक्कट किंवा लालसर चट्टा असून त्या जागी टाचणी टोचली तरी कळत नसेल, तर ते कोड नव्हे. तो कुष्ठरोग असू शकतो, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच आठवड्यात जावे. औषध फुकट मिळते, सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो, आणि औषध सुरू झाले की लागण थांबते. उशीर झाला तर बोटे वाकडी होतात, ती मात्र परत येत नाहीत.

केसांचेही सगळे गळणे सारखे नसते. बाळंतपणानंतर, डेंग्यूनंतर, मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस विरळ होतात, ते आपोआप भरतात. रुपयाएवढे गुळगुळीत गोल टक्कल पडले तर ती चाई, तीही लागत नाही. पण तीन-चार दिवसांत मुठीने केस जाऊ लागले, सोबत उलटी-जुलाब, श्वासाला लसणासारखा वास, आणि शेजारच्या घरातही तेच, तर मेडिकलच्या दुकानातून ट्यूब आणू नका. त्या ट्यूबांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असते, ते खरा रोग झाकून टाकते आणि मग चांगल्या डॉक्टरलाही ओळखणे जड जाते. केस वाढवण्याच्या गोळ्याही घेऊ नका. त्यांतल्या पुष्कळ गोळ्यांत सेलेनियमच असते! (कोंड्याच्या शाम्पूत सेलेनियमचे एक संयुग असते म्हणून काही भगिनी घाबरल्या होत्या. तो डोक्याला लावून धुऊन टाकायचा असतो, अंगात फारसा शिरत नाही. त्याची भीती नको.)

त्याऐवजी एक कागद घ्यावा. घरात कोणाचे, कोणत्या तारखेला, आधी काय झाले ते लिहावे. महिनाभरात नवे काय घरात आले, धान्य, तेल, औषध, ते लिहावे. ज्याला झाले नाही तो काय खात नव्हता, हे तर जरूर लिहावे, कारण कधी कधी उत्तर त्यातच असते. गळलेले केस कागदाच्या पुडीत ठेवावेत. चालू पोत्यातला दोन मुठी गहू कोरड्या बरणीत बंद करून वर तारीख आणि दुकान लिहावे. पोते संपून गेले की पुरावाही संपतो. हा कागद घेऊन आरोग्य केंद्रात जावे, आणि पाच-सहा घरांचे झाले असेल तर सगळ्यांनी मिळून जावे. धान्याचा संशय असेल तर गावच्या दक्षता समितीला आणि तहसील कचेरीत पुरवठा विभागाला लेखी द्यावे, आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीची पोच मिळत नाही.

त्या आईंनी सगळे ऐकून घेतले. उठताना म्हणाल्या, "भाऊ, पोराच्या बाबाले हे मले सांगता यायचं नाही. तुम्ही छापून द्या, मी पेपर त्यांच्यापुढं ठेवते." म्हणून छापले आहे. आणि जाता जाता पायरीवरून पुन्हा वळून त्यांनी विचारले, घरात रेशनच्या गव्हाचे दीड डबा पीठ आहे, त्याचे काय करू? आम्ही विचारले, घरात कोणाचे केस, नखे, पोट बिघडले आहे का? नाही म्हणाल्या. मग खा, म्हटले, पण एक वेळ ज्वारीची भाकरी थापा, आणि पुढचे पोते उघडाल तेव्हा दोन मुठी बरणीत काढून ठेवा.